वेदनेचा संदेश

स्वयंपाक करताना तापलेल्या तव्याला चुकून बोट लागते आणि हात झटकन मागे येतो. ‘भाजले’ ही जाणीव त्यानंतर होते. हात मागे घ्यावा असा विचार कोणी केलेला नसतो. तसा विचार करण्यास अवधीच मिळालेला नसतो. हा सर्व प्रकार अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो, आणि तो नेहमीचाच असल्यामुळे त्यात नवल करण्याजोगे काही आहे असे कोणाला वाटत नाही.

आता अशा एका माणसाची कल्पना करावी, की ज्याचे बोट तव्याला लागले तरी हात मागे येत नाही. त्याला काहीच जाणवत नाही. कातडी जळल्याचा वास आला, किंवा शेजारच्या कोणी ओरडून सांगितले, म्हणजे तो आपल्या हाताकडे पाहतो. अशी माणसे काल्पनिक नाहीत. कुष्ठरोगाने ज्यांचे मज्जातंतू निकामी झाले, अशा असंख्य स्त्रीपुरुषांनी भारतात असे आयुष्य काढले आहे. त्यांचे हात झडले, पाय झिजले, आणि ते सारे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे समाजाने ठरवून टाकले.

या दोन माणसांतील भेद एका बारीक तंतूचा आहे. तो तंतू काय करतो हे पाहावयाचे, तर बोटाच्या टोकापासून मेंदूपर्यंत संदेश कोणत्या वाटेने जातो, हे क्रमाने समजून घेतले पाहिजे.

संदेशाचा उगम

त्वचेच्या आत मज्जातंतूंची असंख्य टोके पसरलेली असतात. काही हलक्या स्पर्शाने चेततात, काही दाबाने, काही थंडीने, तर काही उष्णतेने. ही टोके शरीरावर सर्वत्र सारखी दाट नसतात. दोन टाचण्यांची टोके एकमेकींपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरून बोटाच्या टोकाला लावली, तर ती दोन आहेत हे डोळे मिटूनही कळते. त्याच टाचण्या पाठीला लावल्या, तर त्यांच्यात काही सेंटिमीटर अंतर असल्याखेरीज एकच टाचणी टोचल्यासारखे वाटते.

उष्णतेची नोंद ही टोके कशी घेतात, याचा उलगडा फार अलीकडे झाला. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी मिरचीतील झणझणीत द्रव्याचा अभ्यास करीत होते. ते द्रव्य ज्या प्रथिनावर कार्य करते ते प्रथिन त्यांनी १९९७ साली शोधून काढले. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की तेच प्रथिन उष्णतेनेही उघडते, असे त्यांना आढळले. तिखट खाल्ल्यावर ‘तोंड भाजले’ असे आपण म्हणतो, ते केवळ आलंकारिक बोलणे नव्हे. मिरची आणि निखारा ही दोन्ही शरीराचे एकच दार ठोठावतात. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पर्शाची नोंद घेणाऱ्या प्रथिनांचा शोध लावणारे आर्डेम पॅटापूटियन हे त्याचे सहमानकरी होते.

पेशी आणि तिचा तंतू

ज्या पेशींच्या साहाय्याने हे संदेश वाहिले जातात, त्यांना चेतापेशी म्हणतात. मानवी मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत. इतर पेशींहून त्यांचे वेगळेपण म्हणजे त्यांना फुटलेले तंतू. पुष्कळशा चेतापेशींना झाडाच्या फांद्यांसारख्या अनेक आखूड शाखा असतात. त्यांतून संदेश आत येतो. बाहेर जाणारा तंतू मात्र एकच असून तो बराच लांब असू शकतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. पायाच्या अंगठ्याची वार्ता आणणाऱ्या पेशीचा मुख्य भाग कमरेपाशी, पाठीच्या कण्याला लागून असतो आणि तिचा तंतू तेथून थेट अंगठ्यापर्यंत जातो. या तंतूची लांबी सुमारे एक मीटर, पण जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी. अशा हजारो तंतूंची जुडी म्हणजे आपण ज्याला मज्जातंतू म्हणतो तो दोर होय. कोपराच्या आतल्या बाजूस काही आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तेथे असा एक दोर अगदी कातडीखालून गेलेला असतो.

या पेशी सलग जाळ्यासारख्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत की प्रत्येक स्वतंत्र आहे, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वादाचा विषय होता. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याची युक्ती १८७३ साली प्रसिद्ध केली. तीच युक्ती वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ पासून दाखवून दिले की प्रत्येक पेशी वेगळी आहे. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. तथापि गोल्जी यांनी त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही आपला जाळ्याचा सिद्धांत सोडला नाही. पुढील संशोधनाने काहाल यांचा पक्ष खरा ठरविला.

आवेग कसा धावतो

तंतूतून जाणारा संदेश हा एक प्रकारचा विद्युत् आवेग असतो. तथापि तारेतून वीज वाहते तसा तो वाहत नाही. १९३० नंतरच्या काळात ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी माखली जातीच्या एका सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग सुरू केले, आणि आवेगाचा संपूर्ण उलगडा १९५२ साली मांडला. विश्रांत अवस्थेत तंतूच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० सहस्रांश व्होल्ट ऋण असते. आवेग येताच त्या जागचे पटल क्षणभर सोडियमचे कण आत घेते, आणि लगेच पोटॅशियमचे कण बाहेर सोडून ती जागा पूर्ववत होते. एका जागी झालेला हा फेरबदल शेजारच्या जागेला चेतवितो, ती पुढच्या जागेला. फटाक्यांच्या माळेत एकामागून एक फटाका पेट घेत जावा, तसा आवेग पुढे सरकतो. भेद इतकाच, की ही माळ एक-दोन सहस्रांश सेकंदात पुन्हा पेटण्यास सिद्ध होते.

आवेग लहान-मोठा नसतो. तो येतो तेव्हा पूर्ण येतो; एरव्ही येतच नाही. मग सौम्य ऊब आणि चटका यांतील भेद मेंदूस कसा कळतो? एका सेकंदात किती आवेग आले आणि ते कोणत्या तंतूंतून आले, यावरून.

आवेगाचा वेग मोजणे अशक्य आहे असे एके काळी मानले जाई. १८५० साली जर्मनीत हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूत तो मोजला. तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. माणसाच्या सर्वांत जलद तंतूंत हा वेग १०० मीटरहून अधिक असतो, कारण त्यांच्याभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण गुंडाळलेले असते. आवरणात ठराविक अंतरावर खंड असतात, आणि आवेग एका खंडावरून दुसऱ्या खंडावर उडी घेत जातो. हातापायांतील तंतूंभोवती हे आवरण श्वान पेशी नावाच्या पेशी तयार करतात. या पेशींचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

वेदना वाहणारे तंतू दोन प्रकारचे आहेत. पातळ आवरण असलेले तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात. आवरण नसलेले तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर वेगाने. म्हणूनच पायाच्या बोटाला ठेच लागली की आधी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. दोन्ही संदेश एकाच वेळी निघालेले असतात; एक आधी पोहोचतो, दुसरा मागाहून.

दोन पेशींमधील फट

पेशी एकमेकींपासून वेगळ्या आहेत, तर संदेश एकीकडून दुसरीकडे कसा जातो? त्यांच्या संधिस्थानास चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांच्या लेखनातून १८९७ साली ‘सिनॅप्स’ हे नाव मिळाले. तेथे एक अतिसूक्ष्म फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांपैकी एकाएवढी. १९२१ साली ओट्टो लोवी यांनी ऑस्ट्रियात एक साधा प्रयोग केला. एका बेडकाच्या हृदयाशी जोडलेला मज्जातंतू चेतवून त्यांनी ते हृदय मंद केले, आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. ते दुसरे हृदयही मंद झाले. तंतूच्या टोकातून काही द्रव्य पाझरते, आणि तेच पुढचे काम करते, हे यावरून सिद्ध झाले. पुढे ते द्रव्य ॲसिटिलकोलीन असल्याचे निश्चित झाले. स्नायूला आकुंचनाची आज्ञाही याच द्रव्यामार्फत पोहोचते.

या फटीचे महत्त्व भारतातील खेड्यांस एका भयंकर मार्गाने ठाऊक आहे. नागाच्या विषातील काही घटक स्नायूवरील ॲसिटिलकोलीनच्या जागा अडवून बसतात. मण्यारीच्या विषातील घटक तंतूचे टोकच निकामी करतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते, आणि पुष्कळदा फारशी वेदना होत नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदू आज्ञा देत असतो, तंतू ती वाहत असतो, पण अखेरची ती फट ओलांडली जात नाही. वेळेवर प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाल्यास असा रुग्ण वाचू शकतो.

मज्जारज्जू आणि मेंदू

आता पुन्हा तव्याकडे वळू. बोटातून निघालेला आवेग हातातून, खांद्यातून मानेपाशी येतो आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरतो. मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येकाचे मागील मूळ संवेदना आत आणते, तर पुढील मूळ स्नायूंना आज्ञा नेते. आत आलेला आवेग तेथल्या तेथे मधल्या पेशींमार्फत आज्ञा नेणाऱ्या पेशींकडे पोहोचतो. कोपर वाकविणारा स्नायू आखडतो, त्याच्या विरुद्ध काम करणारा स्नायू त्याच वेळी सैल पडतो, आणि हात मागे येतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूला विचारण्याची वाट तेथे पाहिली जात नाही.

दुसरीकडे तोच संदेश मज्जारज्जूत बाजू बदलून वर जातो. उजव्या हाताची वार्ता मेंदूच्या डाव्या अर्ध्यात पोहोचते. मेंदूच्या वरच्या थरात सर्व शरीराचा जणू एक नकाशा असतो. त्यात ओठ आणि बोटे यांनी मोठा प्रदेश व्यापलेला असतो, पाठीच्या वाट्यास थोडाच येतो. तेथे, आणि मेंदूच्या इतर काही भागांत, संदेशाची वेदना होते.

मेंदू मात्र केवळ ऐकणारा नाही. हातात कढत दुधाचे पातेले असेल आणि जवळ मूल खेळत असेल, तर आई चटका सोसून पातेले खाली ठेवते, टाकून देत नाही. येथे मेंदूने खाली धाडलेल्या आज्ञेने प्रतिक्षिप्त क्रिया आवरली जाते. ठेच लागलेली जागा चोळल्याने कळ कमी होते, यामागेही असेच कारण असावे असे रॉनल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली सुचविले: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतील वेदनेचे दार काहीसे लोटून घेतात. त्यांच्या सिद्धांतात पुढे पुष्कळ बदल झाले, पण वेदनेची वाट मार्गावरच कमी-अधिक रुंद होते ही गोष्ट टिकून राहिली.

जेव्हा संदेश येत नाही

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील गेऱ्हार्ड आर्मावर हान्सेन यांना १८७३ साली दिसला. हा जंतू विशेषेकरून श्वान पेशींत, म्हणजे मज्जातंतूंचे आवरण करणाऱ्या पेशींत वस्ती करतो. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. त्यामुळे कोपर, मनगट, गुडघा, घोटा आणि चेहरा येथील, त्वचेलगतचे मज्जातंतू आधी सुजतात आणि मग मरतात. संवेदना जाते. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतूही जात असल्यामुळे त्वचा कोरडी पडून भेगाळते. स्नायूंच्या आज्ञा थांबतात, आणि बोटे पंजासारखी आत वळतात. डोळ्यांची पापणी मिटेनाशी होते, आणि बुबुळात गेलेले कुसळ कळत नाही.

बोटे झडतात ती मात्र कशाने? मांस आपोआप सडते, असेच वैद्यांसह सर्वांचे मत होते. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे मत तपासून पाहिले. त्यांचा जन्म १९१४ साली तामिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरात झाला होता. चिंगलपेट येथील कुष्ठालयात एका रुग्णाने त्यांच्याशी हस्तांदोलन केले, तेव्हा वाकड्या बोटांच्या त्या हाताची पकड इतकी घट्ट होती की ब्रँड यांना वेदना झाल्या. हातात बळ होते. किती बळ लावावे हे सांगणारी संवेदना नव्हती.

ब्रँड यांनी लिहून ठेवलेला आणखी एक प्रसंग असा. गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांना फिरविता येईना. एक दहाएक वर्षांचा रुग्ण मुलगा पुढे झाला आणि त्याने ती फिरविली. त्याच्या बोटातून रक्त ठिबकू लागले; किल्लीने बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. रात्रीतून बोटांचे तुकडे नाहीसे होतात, यावर पाळत ठेवली तेव्हा झोपलेल्या रुग्णांची बोटे उंदीर कुरतडतात असे दिसून आले. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली. जखम प्लास्टरमध्ये बांधून तिला विश्रांती दिली की ती इतरांच्या जखमेप्रमाणेच भरून येई. मांस निरोगी होते. चटके, काप, फोड आणि त्यांत होणारा जंतुसंसर्ग यांनी हाड हळूहळू झिजत होते, कारण ‘थांब’ असे सांगणारे कोणी नव्हते.

हे ध्यानात येताच उपायही बदलले. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या वरच्या भागातील चांगल्या स्नायूंच्या शिरा सोडवून बोटांना जोडल्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या मेंदूला नवा धडा शिकावा लागे: पूर्वी मनगट हलविणारा स्नायू आता बोटे हलविणार होता. सरावाने तो धडा शिकता येई. पायांसाठी मऊ रबराच्या चपला करण्यात आल्या, आणि रोज रात्री तळपाय डोळ्यांनी तपासण्याची सवय लावण्यात आली. मज्जातंतूचे काम डोळ्यांना वाटून देण्यात आले.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी वेदनेची कृत्रिम व्यवस्था घडविण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत दाब मोजणारी साधने बसविली, आणि दाब वाढताच शरीराच्या दुसऱ्या भागी विजेचा झटका बसेल अशी योजना केली. ती यशस्वी झाली नाही. साधने महाग आणि नाजूक होती, हे एक कारण. पण खरे कारण दुसरेच होते. एखादे काम पुरे करावयाचे असले की रुग्ण ती यंत्रणा बंद करून ठेवीत. मज्जासंस्थेचे मर्म येथे उघड होते. ती केवळ वार्ता देत नाही. ती वार्ता टाळता येणार नाही अशा रीतीने देते. वेदनेला कळ दाबून बंद करता येत नाही, म्हणूनच ती रक्षण करू शकते.

तुटलेला दुवा

हातापायांतील तुटलेला मज्जातंतू अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतू असे वाढत नाहीत. कुष्ठरोगात फार काळ दबलेला तंतू मात्र बहुधा परत येत नाही. म्हणून वेळेवर उपचार हाच खरा उपाय ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, आणि भारतात तो विनामूल्य मिळतो. रोगाचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाच्या खाली आल्याची घोषणा भारताने २००५ साली केली. तरीही २०२२ साली देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, आणि जगातील नव्या रुग्णांत निम्म्याहून अधिक भारतातील होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ साली कायद्यातून काढून टाकण्यात आली. मनातील तरतूद निघण्यास अधिक काळ लागतो.

वेल्लोरचा हा धडा आता आणखी एका मोठ्या समुदायास उपयोगी पडत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेही व्यक्तींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेनेही पायांचे तंतू मंदावतात, आणि चपलेतला खडा दिवसभर कळत नाही. त्यांनाही तोच सल्ला दिला जातो: अनवाणी चालू नये, आणि रोज तळपाय पाहावेत.

त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, आणि डोळे मिटून कापसाची वात फिरविली असता ती तेथे कळली नाही, तर जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. ज्या चट्ट्यावर काहीच जाणवत नाही, तेथे न दुखणे हेच दुखण्याचे लक्षण असते.